आईने केलेला फीचा भाव

बाबा वारले त्या दिवशी ते सकाळी कामाला गेले होते. अंबरनाथच्या कारखान्यात मशीनपाशी त्यांच्या छातीत कळ आली. दुपारी कारखान्यातून माणूस आला आणि आई त्याच्याबरोबर हॉस्पिटलात गेली. संध्याकाळी आम्ही बाबांना घरी आणलं. मी बारावी पास झाले होते आणि पुढे काय करायचं ते ठरलं नव्हतं.

कागदपत्रांसाठी नंतर हॉस्पिटलात दोन-तीनदा जावं लागलं. तिथे एका खोलीवर 'समाजसेवा विभाग' अशी पाटी होती. आत बसणाऱ्या बाईंनी आईला आधी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग कोणता कागद कुठल्या खिडकीवर मिळेल ते सांगितलं. बाबा गेल्यापासून आई रडली नव्हती. ती तिथे रडली. बाहेर रांग होती, तरी बाईंनी घाई केली नाही. हे काम असतं आणि याचा पगार मिळतो, याचंच मला नवल वाटलं. निघताना मी त्यांना विचारलं, तुम्ही काय शिकलात? त्या म्हणाल्या, समाजकार्याची पदवी असते, बारावीनंतर लगेच करता येते. "पण कॉलेज बघून घे हो. सगळीकडे सारखं शिकवत नाहीत."

आम्ही तेव्हा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहत होतो. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात वंदना झाली, जेवणं झाली, आणि जवळची माणसं आमच्या घरी येऊन बसली. कारखान्याचा निरोप आला होता: घरातल्या एकाला नोकरीत घेऊ, नाव महिनाअखेर कळवा. भाऊ आठवीत होता. म्हणजे नाव माझंच, असं सगळ्यांनी धरलं होतं.

"पॅकिंगमध्ये मुली घेतात," काका म्हणाले. "बसून काम आहे."

मी समाजकार्याच्या पदवीचं सांगितलं.

"त्याला फी भरायची?" काका हसले. "आपण वस्तीत रोज फुकट करतो की ते. परवा गटारासाठी नगरपालिकेत कोण भांडलं? मग मला दोन डिग्र्या पाहिजेत."

"आणि स्थळ आलं की काय सांगायचं?" आत्या म्हणाली. "पोरगी भांडणं सोडवायचं शिकलीय? नको ग बाई, सासू आधीच घाबरेल."

सगळे हसले. बाबा गेल्यानंतर घरात पहिल्यांदाच कुणी हसलं होतं, म्हणून मला रागही धरता आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने विचारलं, "कॉलेजं किती आहेत?"

"आपल्याला जमण्यासारखी दोन."

"चल, दोन्ही बघून येऊ."

आई चौथीपर्यंत शिकलेली. कॅम्पातल्या एका सिंधी शेठच्या कारखान्यातून ती शिवलेल्या पँट्स घरी आणायची, धागे कापायची, बटणं लावायची. शेठ तिला बहन म्हणत दर पाडायचा आणि ती त्याला भाई म्हणत वाढवून घ्यायची. आमच्याकडे पहिल्यांदा सांगितलेल्या भावाने कुणी कधी काही विकत घेतलं नाही. कॉलेजात आईने तोवर पाऊल टाकलं नव्हतं.

पहिलं कॉलेज जिल्ह्यातलंच, नवं निघालेलं, विनाअनुदानित. एका इमारतीचा वरचा मजला, भिंतींना ताजा रंग. कारकुनाने फी सांगितली. ती आमच्या आवाक्याबाहेरची होती. आईने शांतपणे विचारलं, "शेवटचं किती?"

"आई, फीचा भाव करत नाहीत," मी कुजबुजले. तोंड कुठे लपवू असं मला झालं.

"विचारायला काय जातं?"

कारकून आतल्या केबिनमध्ये गेला आणि हसत बाहेर आला. फी बरीच कमी झाली होती. वर तो म्हणाला, "आणि ताई, फिल्डवर्कचं टेन्शन नाही आपल्याकडे. मुलींना वस्त्यांत-बिस्त्यांत पाठवत नाही. रिपोर्ट लिहून दिला की झालं."

जिना उतरताना मला हायसं वाटत होतं. आई मध्येच थांबली.

"एका शब्दात उतरला," ती म्हणाली. "कापडवाला असा उतरतो ना, तेव्हा कापड पहिल्या धुण्यात आखडतं."

दुसरं कॉलेज मुंबईत, जुनं, सरकारी अनुदानावरचं. तिथल्या कारकूनबाई वयस्कर होत्या. आईने तिथेही तोच प्रश्न विचारला.

"बाई, ही सरकारने ठरवलेली फी," त्या म्हणाल्या. "माझा पगार घातलात तरी कमी व्हायची नाही. जातीचा दाखला द्या, माफ होईल. शिष्यवृत्तीही मिळेल, पण कधी ते मला विचारू नका. रोजच्या जाण्यायेण्याचं तुमचं तुम्ही बघायचं. आणि आठवड्यातले दोन दिवस वस्तीत काम, त्याला सुटका नाही."

"नमुना दाखवा," आई म्हणाली.

"कसला?"

"इथे शिकलेल्या मुलीचा."

कारकूनबाईंनी व्हरांड्यात रिपोर्ट लिहीत बसलेल्या एका मुलीला हाक मारली. शेवटच्या वर्षाची होती, पायांवर धूळ. आईने तिला विचारलं, "काय शिकलीस ग इथे?"

मुलगी म्हणाली, "मी वस्तीत जाऊन सांगायचे, मुलांना शाळेत पाठवा. कुणी पाठवेना. सर म्हणाले, काही दिवस काही सांगू नको, नुसती बसून बघ. मग कळलं की नळाला पाणी शाळेच्या वेळेला येतं, आणि घरी पाणी भरायला पोरंच असतात."

"मग?"

"बायकांनी वेळ बदलायचा अर्ज केला."

"बदलली?"

"पाण्याची नाही बदलली. शाळेने त्या मुलांना दुपारच्या वर्गात घेतलं."

"आणि पगार किती मिळेल तुला?"

"फॅक्टरीपेक्षा कमी, मावशी. खोटं कशाला सांगू?"

आई तिच्याकडे बघून मान हलवत राहिली. बाहेर आम्ही केळी घेतली आणि फाटकाजवळच्या कठड्यावर बसलो.

"ही पदवी महाग आहे," आई म्हणाली.

"फी तर माफ होईल, आई."

"फीचं नाही म्हणत. तू तीन वर्षं कमवणार नाहीस, त्याचं म्हणते." तिने केळं संपवलं. मग म्हणाली, "कारखान्यात माझं नाव दे."

मला कळेचना.

"घरातल्या एकाला घेऊ, असंच म्हणालेत ना? मग मी घरातली नाही?"

तोवर हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. काका ऐकून चिडले, या वयात बाईमाणसाने गेटवर कार्ड पंच करायचं का, म्हणाले. आत्या म्हणाली, "मला विचारलं असतं तर मीच गेले असते."

आई पॅकिंगला लागली. माझी शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी आली, तोवर रेल्वेचा पास आईच्या पगारातून निघाला. फिल्डवर्कमध्ये पहिले काही महिने मी फार बोलायचे. गप्प बसायला मला बराच वेळ लागला. पदवीनंतर मी एका संस्थेत लागले. चामटोलीकडच्या गावांत आणि मांजर्लीत, जिथे जोराच्या पावसात नदी घरात शिरायची, तिथे माझं काम. पगार आईपेक्षा कमी. काका दर एक तारखेला हसत विचारायचे, "कुणाचा जास्त?" आई म्हणायची, "माझा. ती अजून शिकतेय."

पण रविवारी ती पॅकिंगमधल्या कुणाला ना कुणाला घरी घेऊन यायला लागली. एकीचा नवरा पगाराच्या दिवशी गेटवरच उभा असायचा; एकीची मुलगी शाळेत जायला तयार नव्हती. "हिचं जरा ऐकून घे," एवढंच आई म्हणायची आणि आत जायची. नव्वद सालाच्या सुमारास कारखाना बंद झाला तेव्हा त्या सगळ्या आमच्या बाहेरच्या खोलीत बसून फंडाचे कागद करून गेल्या. भावाचं आयटीआयचं शेवटचं वर्ष माझ्या पगारावर झालं. पदवी परवडली की नाही, हे आईने मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आई गेल्या वर्षी गेली. तिच्याबरोबर पॅकिंगला असलेल्या दोघी अजून रविवारी येतात. आता त्या सुनांना घेऊन येतात. मी चहा ठेवते आणि बसते.