सुंदराबाईंची खिचडी आणि राजारामची मांडी

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत एकादशीला उघडपणे बांगडा तळणारा एकच माणूस आहे, राजाराम घाडीगावकर. कुणी नाक मुरडलं की तो डॉक्टरची चिठ्ठी दाखवतो. चिठ्ठीत बांगड्याचं नाव नाही. शेंगदाणा खाल्ला तर जीव जाऊ शकतो, एवढंच लिहिलंय. पण शेंगदाण्याशिवाय उपवास कसा करायचा, हे आजवर चाळीत कुणाला सांगता आलेलं नाही.

घर कोकणी, सगळ्यात ओलं खोबरं. त्यामुळे सहा वर्षांचा होईपर्यंत त्याची आणि दाण्याची गाठच पडली नव्हती. मग शाळेत पंधरा ऑगस्टला चिक्की वाटली आणि पोरगं भोपळ्याएवढं तोंड घेऊन घरी आलं. आईने मीठ-मिरच्या ओवाळल्या. कुणी म्हणालं मधमाशी चावली. मी स्वतः गालगुंड ठरवून मोकळा झालो. पोराच्या घशातून शिट्टी वाजायला लागली तेव्हा कुठे त्याला इस्पितळात पळवलं. पुढे डॉक्टरांनी हातावर दाण्याच्या अर्काचा थेंब ठेवून सुई टोचली, तर रुपयाएवढी गांधी उठली. तेव्हापासून वडा असो की लग्नाचं ताट, राजारामचा पहिला प्रश्न एकच, "कूट आहे काय?" आणि खिशात कायम पेनासारखं इंजेक्शन. दाणा बाधला की ते मांडीत खुपसायचं आणि तडक इस्पितळ गाठायचं.

हा राजाराम टॉवरमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो. लालबागच्या एका टॉवरमध्ये पार्लरवाली कालिंदी पाऊण तास लिफ्टमध्ये अडकली आणि याने तिला बाहेर काढली. काम दहा मिनिटांचं होतं, असं आमचं म्हणणं. तो देवाशप्पथ नाही म्हणतो. कान मात्र लाल होतात.

तिथून दोघांचं जमलं. कालिंदीला सगळं मान्य होतं. अडलं होतं तिच्या आईपाशी. सुंदराबाई साताऱ्याकडच्या. वांग्यात कूट, भेंडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट. "ज्याला दाणा सोसत न्हाई, त्यो गडी संसार काय सोसणार?" हा त्यांचा सवाल. लेकीने फारच लकडा लावला तेव्हा म्हणाल्या, "येऊ दे, बघते." आणि दिवस धरला तो नेमका संकष्टीचा!

राजारामचे आईवडील गावी, म्हणून मुलाकडचा वडीलधारा मी. सुंदराबाईंच्या जिन्यातच त्याला बजावलं, "राज्या, आईच्या शब्दाबाहेर ती पोरगी जाणार नाही. आज सुंदराबाई नको म्हणाल्या तर विषय संपला. नीट वाग."

कालिंदी आत चहा करत होती. सुंदराबाईंनी खिचडीच्या बशा आणून ठेवल्या. राजारामने चोरट्या आवाजात विचारलं, "कूट आहे काय?"

"आवं पाव्हणं, पोरीनं समदं सांगितलंय मला. सकाळधरनं बसून येक येक दाणा येचून काढलाय. येक घावला तर नाव बदलीन!"

दाणा खरंच दिसत नव्हता. होणाऱ्या सासूने सकाळभर दाणे वेचलेत म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? मीच मान हलवली, खा रे. दोन घास गेले. तिसरा हातात असतानाच त्याचा खालचा ओठ करंजीसारखा फुगला.

"कूट..." राजाराम गळा धरून म्हणाला.

"कूट हाय की! चांगला वाटीभर," सुंदराबाई कौतुकाने म्हणाल्या. "त्याबिगार खिचडी लागती व्हय?"

कालिंदी धावत आली. चहाचा ट्रे तिने माझ्या मांडीवर आदळला, राजारामच्या खिशातलं इंजेक्शन काढलं, टोपण उडवलं आणि सगळ्यांदेखत पँटवरूनच त्याच्या मांडीत ठोकलं.

"अगं कार्टे! परक्या गड्याच्या मांडीला हात?"

"आई, गप बस आणि टॅक्सी बघ!"

महिन्यापूर्वीच कालिंदी डॉक्टरांकडे जाऊन हे शिकून आली होती म्हणे. आमच्या राज्याच्या बाबतीत मला न कळता काही घडतं, याचाच मला जास्त धक्का बसला.

टॅक्सीत राजारामला मागे टेकवून बसवला. डोकं कालिंदीच्या खांद्यावर आणि पाय सुंदराबाईंच्या मांडीवर, बुटांसकट. मी पुढे. सुंदराबाईंचं गणपतीशी बोलणं चालू होतं. "देवा, वांग्यातला कूट सोडीन." सिग्नल लागला. "बरं, भेंडीतला बी." राजाराम मोठ्याने खोकला. "घे, कोशिंबिरीतला बी घे, पर ह्याला ठेव!"

इस्पितळाच्या दाराशी वॉचमन म्हणाला, "या ताई पेशंटजवळ आहेत, त्यांच्याबरोबर आत नातेवाईक अजून एकच." मी ऐटीत पुढे झालो, तर कोपराचा ठोसा बरगडीत बसला.

"तुमी शेजारी. हटा. सासू हाय मी त्याची!"

आणि सुंदराबाई राजारामच्या स्ट्रेचरमागून तरातरा आत गेल्या.

दोन तासांनी मला आत सोडलं. रात्रभर लक्ष ठेवायचं म्हणून त्याला खाटेवर झोपवलं होतं. श्वास सरळ, ओठ जागेवर. सुंदराबाई मात्र डॉक्टरांशी भांडत होत्या, "म्हणं सूज उतरली! आन् गाल कुठं उतरल्यात? बघा की, अजून वर चढल्यालंच."

"आई, ती सूज नाही," कालिंदी म्हणाली. "तू दाराशी सासू म्हणालीस ना, तेव्हापासून हसतोय तो."