रिकामा तवा आणि हबीबचाचांची शहजादी

रिकाम्या तव्यानं माणूस मरत नाही. पक्षी मरू शकतो. ही माहिती मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, गॅस बंद केल्यानंतर मिळाली.

त्यात पक्षी आमचे नव्हते. ते होते शेजारच्या हबीबचाचांचे. चाचा शेरवानी शिवणारे कसबी कारागीर. नजर अधू झाली तसं मशीन बंद केलेलं. चाचींना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्यामागं त्या घरात बोलणारी अशी दोघंच उरली होती : निळा नवाब आणि पिवळी शहजादी. चाचींनी हौसेनं आणलेली लव्हबर्ड्सची जोडी. चाचा सकाळी पहिला चहा त्यांच्याशी गप्पा मारत प्यायचे, आणि ती दोघं इतकी उत्तरं द्यायची की आम्हाला भिंतीपलीकडून वाटायचं, चाचांकडं पाहुणे आलेत!

खुलताबादला पुतणीचं लग्न निघालं, तेव्हा चाचा पिंजरा घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"प्रकाशभाऊ, दोन दिवसांचा सवाल आहे. दाणापाणी भाभी बघतीलच. फक्त एक ध्यानात ठेवा. बावर्चीखान्यापासून लांब ठेवायचं यांना. धूर नको, फोडणीचा ठसका नको, आणि तो काळा नॉनस्टिक तवा तर बिलकुलच नको. तो लई तापला की यांचा दम घुटतो. आमची बीबी तसला तवा घरात येऊच देत नव्हती."

"चाचा, तुम्ही बिनघोर जा," मी म्हणालो. (पाटबंधारे खात्यात मी एकतीस वर्षं काढली. 'बिनघोर जा' हे वाक्य मी कितीतरी गावांना सांगितलं आहे. तिथं पाणी पोचलं नाही, ती गोष्ट वेगळी.)

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बायको वंदना शाळेत शिकवायला गेली. जाताना म्हणाली, "अहो, मी दीडला येतेय. आल्यावर गरम पोळ्या करते. तोवर पिंजरा हॉलमध्ये आहे तिथंच राहू द्या आणि तुम्ही पण आहात तिथंच राहा."

एक वाजेपर्यंत मी राहिलो. मग भूक लागली. म्हटलं, डब्यात कालची पोळी आहे, तव्यावर जरा शेकून घेऊ. आता आमच्या घरात तवा कोणता? लेकीनं पुण्याहून पाठवलेला, काळाकुळकुळीत, नॉनस्टिक! मला चाचांचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण मी मनाशी म्हणालो, पिंजरा हॉलमध्ये, तवा स्वयंपाकघरात, आणि काम दोन मिनिटांचं. काय होतंय!

मोठी ज्योत करून तवा ठेवला आणि पोळीचा डबा उघडणार, एवढ्यात दौलताबादहून मेहुण्याचा फोन आला.

"काय चाललंय दाजी?"

"अरे, शेजाऱ्यांचे पक्षी सांभाळतोय. लई जोखमीचं काम बाबा! एक क्षण लक्ष हटवून चालत नाही," असं म्हणत मी गॅलरीत गेलो. तिथं मी त्याला जबाबदारी म्हणजे काय, यावर चांगली पंधरा मिनिटं ऐकवलं. तो मधेमधे "व्हय, व्हय" करत होता, त्यामुळं मला जोर चढत गेला.

फोन ठेवला आणि नाकाला वास आला. जळक्या प्लास्टिकसारखा, घशात टोचणारा. मी धावलो. तव्याचा रंग पालटला होता, धूर मात्र अगदी थोडा. गॅस बंद केला. इथं थांबलो असतो तरी बरं झालं असतं. पण इंजिनिअर माणूस थांबत नसतो! वास घालवायला मी टेबलफॅन आणला, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला आणि पूर्ण वेगात सुरू केला.

तेवढ्यात दार उघडलं आणि वंदना आत आली. उंबऱ्यातच थबकली.

"हा वास कसला?"

"काही नाही. घालवतोय."

"कुठं घालवताय? पंख्याचं तोंड कुणीकडं आहे?"

मी पंख्याकडं पाहिलं. पाठ खिडकीला, तोंड हॉलकडं. हॉलमध्ये काय होतं, हे आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं.

नवाब दांडीवर दगडासारखा बसला होता. गप्प. आणि शहजादी दांडीवर नव्हतीच. ती पिंजऱ्याच्या तळाशी, पिसं फुगवून, चोच उघडी टाकून बसली होती. प्रत्येक श्वासाला तिची शेपटी वरखाली होत होती. कालव्याला भगदाड पडल्याचा निरोप आला होता, तेव्हाही मी असा घाबरलो नव्हतो. त्या वेळी निदान वर कळवायला साहेब होते!

वंदनानं पिंजरा उचलून गॅलरीत मोकळ्या हवेत नेला आणि तिथूनच ओळखीच्या चार जणींना फोन करून पक्षीही बघणारा जनावरांचा दवाखाना शोधून काढला. तोपर्यंत मी काय केलं? मी पंखा बंद केला. मग वास कोंडेल म्हणून सुरू केला. मग पुन्हा बंद केला.

"चला!" ती ओरडली.

स्कूटी वंदनानं चालवली. मी मागं, मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यावर तिची ओढणी.

"पिंजरा हलवू नका हो!"

"मी नाही हलवत, रस्ता हलवतोय!"

क्रांती चौकात सिग्नलला थांबलो. शेजारच्या मोटारसायकलवाल्यानं ओढणीखाली वाकून बघितलं. "काका, बोलतं का हे पाखरू?"

"नाही ना हो!" मी जवळजवळ रडतच म्हणालो. "सकाळपर्यंत बोलत होतं!"

तो पुढं काही विचारायच्या भानगडीत पडला नाही.

दवाखान्यात आमच्या आधी एक शेळी होती. पण डॉक्टरबाईंनी पिंजऱ्यात एकदाच बघितलं आणि आम्हाला थेट आत घेतलं. त्याची मला जास्तच भीती वाटली. सरकारी नोकरीतून मी एक गोष्ट शिकलोय : रांग मोडून आत घेतलं, म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

"तव्यावर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"काही नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे, पोळी डब्यातच राहिली."

बाईंनी वंदनाकडं पाहिलं. वंदनानं छताकडं पाहिलं. मग बाईंनी दोन्ही पक्षी आत दांडी असलेल्या काचेच्या खोक्यात ठेवून त्यात ऑक्सिजनची नळी सोडली. "या तव्याचा लेप फार तापला की विषारी वायू सुटतो," बाई म्हणाल्या. "पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात. नर ठीक दिसतोय. मादीचं आत्ता काही सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत बघू."

बाहेरच्या बाकावर बसलो आणि माझा फोन वाजला. हबीबचाचा!

"प्रकाशभाऊ, कसे हायेत दोघं? जरा फोन पिंजऱ्याजवळ धरा ना. कालपासून आवाज ऐकला नाय त्यांचा. दिलाला चैन नाय."

भीतीनं माणूस काय करेल सांगता येत नाही. मी काय केलं, तेवढं सांगतो. मी फोन थोडा लांब धरला, ओठांचा चंबू केला आणि म्हणालो, "चिर्र! चिवचिव! चिर्र!"

दवाखान्यातला एक कुत्रा उठून उभा राहिला. शेळीवाल्या बाईनं शेळी जवळ ओढून घेतली.

पलीकडून चाचांचा आवाज आला, काळजीनं भरलेला : "भाऊ, नवाबला सर्दी झाली का?"

वंदनानं माझ्या हातातून फोन काढून घेतला. "चाचा, मी वंदना," ती म्हणाली, आणि तव्याचं सगळं खरं खरं सांगून टाकलं. चाचा एवढंच म्हणाले, "मी निघतो, बेटी."

नंतरचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. शहजादी डोळे मिटायची, तेव्हा माझेही मिटायचे. ती उघडायची, तेव्हा मी श्वास घ्यायचो. चाचींचा हात ज्या दोन जिवांवरून फिरला होता, त्यातला एक मी एका शिळ्या पोळीपायी घालवायला निघालो होतो. चाचा आले की त्यांना तोंड काय दाखवायचं, याचाच मी विचार करत होतो.

चाचा आले ते लग्नातूनच. अंगात स्वतः शिवलेली शेरवानी, कानात अत्तराचा फाया, कपाळावर घाम. माझ्याकडं त्यांनी बघितलंच नाही. सरळ खोक्यापाशी गेले, काचेवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "शहजादी... बेटा... मैं आ गया ना. उठ."

आधी नवाब बोलला. दुपारपासून पहिल्यांदाच. चाचा बोलतच राहिले, लग्नात बिर्याणी कशी होती, पुतणी किती रडली, सगळं. शहजादीनं मान वर केली. कितीतरी वेळानं ती धडपडत उठली, दांडीपाशी गेली, एकदा घसरली आणि दुसऱ्या खेपेला नवाबाला खेटून बसली. डॉक्टरबाई हसल्या. चाचांनी रुमालानं डोळे पुसले. वंदनानं ओढणीनं पुसले. मी बाहीनं.

मग मला धीर आला. "चाचा, चूक माझी आहे," मी हात जोडून म्हणालो. "तवा मी ठेवला. वर पंखाही मीच लावला."

"पंखा भी?" चाचा दचकून म्हणाले. (हे वंदनानं सांगितलं नव्हतं!)

शहजादी वाचली. तिचा आवाज मात्र पुढं काही दिवस घोगरा होता. चाचा मला एका शब्दानं बोलले नाहीत. उलट ईदला स्वतः येऊन शीरखुर्म्याचं भांडं वंदनाच्या हातात दिलं. मी लगबगीनं पुढं झालो, "वा चाचा! द्या, गरम करून आणतो!"

चाचांनी भांड्यावर दोन्ही हात ठेवले.

"भाऊ," ते अतिशय अदबीनं म्हणाले, "तुम्ही बसा. आम्ही सगळे थंडच खाऊ."