उठता उठता विचारलेलं

नवापूर, मंगळवार, १४ डिसेंबर १९४३.

रिकाम्या बाटल्या धुते आहे. आत मूठभर जाड वाळू आणि गरम पाणी घालायचं, बूच दाबून हलवायचं, ओतायचं, पुन्हा घालायचं. उद्या बाजार आहे. डोंगरातली माणसं हाताला लागेल ती बाटली घेऊन येतात, गोडेतेलाची, दारूची, आणि तिच्यात फिनेल मागतात. तेलाच्या बाटलीत फिनेल दिलं तर घरी कोणी ते तेल समजून वापरील. म्हणून त्यांची बाटली ठेवून घ्यायची आणि आपली धुतलेली द्यायची, गळ्याला चिंधी बांधून, म्हणजे अंधारातही हाताला कळतं की ही खाण्यापिण्याची नव्हे.

उद्या सकाळच्या गाडीने नथू येणार. नथू माझा धाकटा भाऊ, रनाळ्याला शेती करतो. तो एकटा उतरला, तर मी दुकान बंद करून त्याच्याबरोबर कायमची रनाळ्याला जाणार. त्याच्यासोबत माय उतरली, तर मी इथेच राहणार. यात माझ्या हातात होतं तेवढं करून झालं आहे. आता बाटल्या धुवायच्या आणि मधेमधे हात पुसून चार ओळी लिहायच्या. रनाळ्याच्या पोरीबाळींनी हे वाचावं. माझ्यासारख्या गाडीत बसून लांब गेलेल्यांनीही वाचावं.

मी रनाळं सोडलं त्याला बावीस वर्षं झाली. माझं सासर आणि माहेर एकाच गावात, मध्ये दोन गल्ल्या. आमचे हे नंदुरबारला एका औषधवाल्याकडे पुड्या बांधायचे. त्यांच्या डोक्यात आलं, की नवापूरला स्टेशन आहे, बाजार आहे, भोवती हिवतापाचं रान आहे, तर कोयनेल, मलम, साबण विकायला आपण तिथेच बसावं. दिवाळीनंतर बैलगाडी जुंपली. एक पत्र्याची पेटी, दोन वळकट्या, लोणच्याची बरणी. माय घरात सकाळपासून फक्त कामाचं बोलत होती. "बरनी उभी ठेव. आडवी करशी तर तेल सांडी." गाडी निघाली तशी ती मागून चालू लागली. आमच्याकडे जाणाऱ्याला वेशीपर्यंत पोचवतात. वेशीपाशी थांबली, वळली, दोन पावलं गेली आणि मागे मान वळवून म्हणाली:

"तुले पोर व्हयी ना, तव्हय येसू मी तुन्हा घर जेवाले. पन तू येनारले पानी देजो, आनी कोन्ही इचारं तर धड सांगजो."

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं खात नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत. दोन गल्ल्यांवरच्या माझ्या सासरी मायने कधी घोट घेतला नव्हता. मला मूल झालं नाही. म्हणून माय या बावीस वर्षांत नवापूरला आली नाही. मी जाऊन भेटत होते, वर्षातून एकदा, जमलं तर दोनदा. त्यात कोणाचा राग नव्हता की रुसवा नव्हता. नेम तो नेम.

इथे पहिलं वर्ष वाईट गेलं. रनाळ्यात मला सगळ्यांची नावं ठाऊक होती. इथे भाषाच तीन. गावात गुजराती, कचेरीत मराठी, बाजारात मावची. माझी अहिराणी ऐकून स्टेशनातले लोक हसायचे. डोंगरातल्या बाया दुकानाच्या ओट्यावर येऊन बसायच्या, मोहाच्या फुलांचं बोलायच्या, कोंबड्यांचं बोलायच्या, आणि काही न घेता उठून जायच्या. हे वैतागायचे. म्हणायचे, "यांना सावली हवी असते फक्त."

मग एकदा सोनीबाय नावाची एक बाई अशीच बसून बसून उठली. लाकडाची मोळी विकून परत निघाली होती. ओट्याची पायरी उतरली, तोंड रस्त्याकडे, आणि तसंच पाठमोरं म्हणाली, "पोराला एक दिवसाआड थंडी वाजून येते, त्याला काय?" मी आतून धावत बाहेर आले. कारण ते मला ओळखीचं वाटलं. मायही वेशीपाशी वळल्यावरच बोलली होती. अंगातलं खरं दुखणं कोणी बसल्या बसल्या सांगत नाही. आधी इकडचं तिकडचं होतं, मग उठणं होतं, आणि मग ते येतं.

त्या दिवसापासून मी नेम केला. कोणी उठलं की आपणही उठायचं. हातातलं काम टाकून ओट्याखाली उतरायचं आणि रस्त्याच्या वळणापर्यंत तिच्याबरोबर चालायचं. माझी निम्मी विक्री त्या वळणावर झाली आहे. हे आधी हसायचे, नंतर मी बाहेर गेले की आपणहून गल्ल्यावर बसायला लागले.

काय काय विचारतात लोक! फिनेल उंबऱ्यावर टाकलं तर भूत येत नाही का? (भुताचं मला माहीत नाही, माशा येत नाहीत.) साप येऊ नये म्हणून काय शिंपडू? (काही शिंपडू नकोस. कणगीखालचे उंदीर घालव, उंदरामागे येतो तो.) गंधकाचं मलम एकट्या पोरालाच लावू ना? (घरातल्या सगळ्यांना लाव, एकाच दिवशी, आणि गोधड्या उकळ, नाही तर खरूज फिरून येते.) कारबोलिक साबण दाखवला तेव्हा सोनीबायने विचारलं, "हा माणसाला का कपड्याला?"

"माणसाला."

"मग नवऱ्याला लावते. कपड्यापेक्षा तोच मळका."

आणि एक प्रश्न असा, की त्याने दुकानात भाकरी आली. कोयनेलच्या गोळ्या देताना मी सगळ्यांना सांगायची, जेवल्यावर घ्या, उपाशीपोटी नको. सोनीबाय वळणावर थांबली आणि म्हणाली, "आणि जेवायला नसलं तर?" तेव्हापासून कळण्याच्या भाकरीची टोपली मी दुकानातच ठेवते. ज्याच्या पोटात काही नाही त्याने ओट्यावर बसून अर्धी भाकरी खायची, गोळी माझ्यासमोर गिळायची आणि जायचं. लढाईमुळे आता कोयनेल मिळत नाही. भाकरीची टोपली चालू आहे. कोणी विचारतं, कोयनेल केव्हा येईल? मी सांगते, माहीत नाही. माहीत नसलेलं माहीत आहे म्हणून सांगायचं नाही, आणि दुकानात जे नाही त्याच्या जागी दुसरंच काही द्यायचं नाही, हे दोन नेम ह्यांचे. गेल्या भाद्रपदात हे गेले. नेम आहेत.

मायची एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती पुढे कामाला येणार आहे. रनाळ्याकडे एका वर्षी पटकीची साथ होती आणि मी तिकडे गेलेली होते. विहिरीत टाकायचं लाल औषध घेऊन सरकारी माणूस आला. त्याने भर दुपारी बादलीत कालवून ते विहिरीत ओतलं. पाणी गुलाबी झालं आणि बाया घागरी उलट्या करून परत फिरल्या. लाल पाणी म्हणजे विटाळाचं पाणी, विहीर बाटली. माय सर्वांत पुढे. मी तिला साथीचं, किड्यांचं पुष्कळ सांगितलं. ती ऐकेना. मग मी दुकानात सांगते तसं सांगितलं: औषध दिवेलागणीला टाकायचं, रात्रभर कोणी पाणी काढायचं नाही, सकाळी पाहायचं. सकाळी पाणी नेहमीसारखं. माय काठावर वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "रंग गया ना? मंग इटाय बी गया." विटाळही गेला! आणि तिनेच पहिली घागर सोडली. मी तेव्हा शिकले, की माणसाचा नेम मोडायला जाऊ नये, त्याच्या आत बसेल अशी वाट काढावी.

आता नथूचं. आठ दिवसांपूर्वी तो आला, भरताची वांगी घेऊन. तो धाकटा, त्याला जेवणाचा नेम नाही. पोटभर जेवला आणि मग सुरू झाला.

"अक्का, दुकान बंद कर आनी घर चाल. लोके काय म्हनतस, म्हाइत शे का? नथुनी बहीन साबन इकस!"

"इकस तर इकस. फुकट वाटस का?"

"तुन्ही जीभ तशीच शे. दाजी गयात, आते कोनासाठे बठनी तू आठे?"

मी त्याला म्हटलं, तुझ्या वांग्यांपेक्षा तुझं बोलणं कडू आहे. दिवसभर त्याने कारणं दिली. खोली रिकामी आहे, वहिनी विचारते, म्हातारपणी कोण बघेल. एकही खरं वाटेना. संध्याकाळी मी त्याला पोचवायला स्टेशनावर गेले, जशी सगळ्यांना पोचवते. गाडी आली. तो पायरीवर चढला, पाठ माझ्याकडे. गाडीने शिट्टी दिली, आणि तो तसाच पाठमोरा बोलला:

"अक्का, मायले आते दिसत नही. डोयावर पांढरं येल शे, दूधनामायेक. मायनी सांगेल व्हतं, अक्काले सांगू नको. डोयामा काय घालू?"

गाडी हलली. मी फलाटावरून तिच्याबरोबर पळत ओरडले, "काहीच घालू नको रे! मध नको, दूध नको, काहीच नको!" हमाल बघत राहिले.

म्हणजे साबणाचा आणि लोकांचा काही संबंध नव्हता. नथूला एकट्याने मायचं निभत नव्हतं, आणि ते त्याला उठल्याशिवाय सांगता आलं नाही. माझाच भाऊ तो. मीही दिवसभर गल्ल्यावर बसून त्याचं ऐकत राहिले होते.

तो मोतीबिंदू आहे. यंदा हे गेले आणि माझं रनाळ्याला जाणं झालं नाही, म्हणून तो मला दिसला नाही. त्याला माझ्या दुकानात काही नाही. सुरतेला तो काढणारे डॉक्टर आहेत, आणि सुरतेची गाडी माझ्या दारावरून जाते. पण आधी काही दिवस आणि नंतर पुष्कळ दिवस तिने कुठेतरी स्वस्थ पडून राहायला हवं, औषध घालणारा माणूस जवळ हवा. ते इथे होईल, रनाळ्याला नाही. आणि इथे माय येणार नाही, कारण मला मूल नाही.

दोन दिवस मी त्यावर विचार केला. वाट विहिरीची होती तीच निघाली. नंदुरबारकडे जाणाऱ्या आमच्या गावच्या माणसाबरोबर निरोप पाठवला, अगदी शब्दाला शब्द घोकून घेऊन: मायने तिचं पीठ आणावं, मीठ आणावं, तवा आणि कळशी आणावी. मागच्या खोलीत मी तिची वेगळी चूल मांडते. चूल तिची, दाणा तिचा, पाणी गावचं, चौकातल्या विहिरीचं. माझं फक्त छप्पर, आणि तेही भाड्याचं. भाकरी मी थापीन, पण तिच्या पिठाची, तिच्या तव्यावर. बुधवारच्या गाडीने नथूने तिला आणावं. आली नाही तर मी समजेन, आणि दुकानाची किल्ली मालकाला देऊन नथूबरोबर परतीच्या गाडीने निघेन. आंधळी माय एकीकडे आणि मी इथे लोकांना मलम सांगते आहे, असं मला जमणार नाही.

उलट निरोप आलेला नाही. चूल मांडून झाली आहे, माती अजून ओली आहे. चौकातल्या विहिरीत आज दिवेलागणीला सरकारी लाल औषध पडणार आहे.

खरं सांगायचं तर मला जायचं नाही. रनाळं माझ्या बोलण्यात आहे, भाकरीत आहे, रागात तर पुरतं आहे. पण रनाळ्यात आता मला कोणी काही विचारत नाही. पाहुणी म्हणून बसवतात. इथे कोणी ओट्यावरून उठलं की मी आपोआप उठते. माझ्या घराची हद्द म्हणजे ते वळण, असं मी मनात धरून आहे. हे मायला सांगितलं तर ती म्हणेल, पुष्कळ बोलतेस, बाटल्या धू.

धुतल्या. उपड्या घातल्या.

बुधवार.

गाडी वेळेवर आली. नथू उतरला, खांद्यावर पोतं, आणि दाराशी कोणी नाही. मी कमरेची किल्ली चाचपली. मग तो मागे वळला आणि त्याने हात वर केला. आधी तवा बाहेर आला, मग तो धरलेला हात, मग माय. आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसली होती. मी पाया पडले, तशी नाक ओढून म्हणाली, "तुन्हा आंगले दवाखानाना वास येस."

हात धरू देईना. माझ्या पदराचं टोक धरून चालली. दुकानाच्या ओट्यावर सोनीबाय येऊन बसली होती. ती सरकली, माय तिच्या शेजारी टेकली. एकीला मावची, एकीला अहिराणी; दोघी बोलायला लागल्या. नथूने आतली चूल पाहिली आणि मला म्हणाला, "अक्का, तुले वकील करायले पाहिजे व्हतं."

मायचं वाटेसाठी आणलेलं पाणी संपलं होतं. तिने ओठ पुसले. "चौकमानी इहीर कोनी शे?"

"गावनी."

"सरकारनं लाल अवशद टाकेल शे का?"

"काल दिवेलागनीले. आते रंग नही."

"मंग आन."

मी तिचीच कळशी घेतली, चौकातल्या विहिरीवर गेले, भरली, आणून तिच्या चुलीशी ठेवली. बाहेर सोनीबाय उठत होती. मी ओल्या हातानेच ओटा उतरले आणि तिच्याबरोबर वळणाकडे चालू लागले.