तारा विझला तो केनवडला

तूर निवडताना सुपातला बारीक खडा ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्याला दुर्बिणीतला तारा लवकर सापडतो, असं हे म्हणायचे. हे म्हणजे आमच्या घरचे, मंगरूळपीरला शाळेत विज्ञान शिकवायचे. माझं शिक्षण सातवीपर्यंतच. पण तीन हिवाळे यांच्यासोबत गच्चीवर बसून नकाशातला तारा आभाळात शोधायला माझी मीच शिकले. वर पाहिलं की डोक्यावरचा पदर घसरायचा, म्हणून तो दातात धरून पाहायची.

आभाळात मोठमोठे दगड फिरत असतात, एखाद्या तालुक्याएवढे. त्यातला एखादा ताऱ्याच्या आडवा आला की तारा काही सेकंद विझतो. पण तो सगळ्यांना विझलेला दिसत नाही. ढगाची सावली कशी अर्ध्या वावरात असते अन् अर्ध्यात ऊन, तसंच हे. दूरच्या शहरातले एक निवृत्त प्राध्यापक गणित मांडून सावलीचा पट्टा यांना कार्डावर कळवायचे. पट्टा इकडेतिकडे सरकायचाही, म्हणून दोन गावांत माणसं बसवायची.

सत्तर साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. त्या खेपेला पट्टा केनवडवरून जाणार होता. मंगरूळपीर त्याच्या काठावर. अन् नेमके यांचे डोळे आले! लाल, चिकट, उजेडाकडे पाहवेना. आता पाहणार कोण? मी तयारच होते. पण घरात वर्षभरापूर्वी आलेली माझी धाकटी जाऊ होती, मॅट्रिक पास, अन् तिचं माहेर केनवडचं.

"मोठी दुर्बीण तिले दे," हे म्हणाले. "ते दोघं नवराबायको केनवडले जातीन. तू इथं लहानी घेऊन बस."

"काहून? मोठीच्या काचा तीन वर्षं मी पुसून राह्यली."

"अवं, तिचं गणित पक्कं हाय."

गणित! कोणता डोळा मिटायचा, हे तिला मी शिकवलं होतं. दुर्बीण गोधडीत गुंडाळून मीच एसटीत चढवून दिली. "मांडीवर धर, लेकरासारखी," असं तोंडानं म्हटलं. मनात म्हटलं, देवा, तेवढं केनवडवर आभाळ भरून येऊ दे.

दिवेलागण होऊन तासभर झाला तेव्हा आम्ही गच्चीवर बसलो. हे डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून आडवे, उशाशी रेडिओ, हातात स्टॉपवॉच. रेडिओवर बिनचूक वेळ सांगणारी दिल्लीची टिकटिक चाललेली. मी ताट पालथं घातलं होतं. तारा विझला की त्यावर चमचा मारायचा, परत लागला की परत मारायचा, अन् हे वेळ धरणार.

सांगितलेलं मिनिट आलं. तारा तसाच. मिनिट गेलं. तारा तसाच, ढिम्म! तिकडे केनवडला ती मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून बसली असेल, तिला दिसलंही असेल, हेच माझ्या डोक्यात. अन् हात गेला. ठण्! मनात चार मोजले. ठण्!

"झालं! अवं, आपल्याकडंही झालं!" हे ताडकन उठून बसले. त्या दिवशी यांनी माझं जेवढं कौतुक केलं, तेवढं लग्नापासून केलं नव्हतं.

सकाळी पहिल्या गाडीनं दोघं परतले. जाऊ दारातूनच ओरडली, "ताई, विझला! सहा सेकंद! फू केल्यासारखा!"

यांनी दोघींच्या वेळा शेजारी शेजारी लिहिल्या. जवळपास मिनिटाचा फरक निघाला. एवढा फरक दोन गावांत पडू शकत नाही, म्हणाले. मग जावेकडे वळून, "तू नवीन. तुही पापणी लवली असन."

"दादा, घड्याळ धरून मी बाजूलेच होतो," दीर म्हणाले.

"दुर्बिणीत होता का तू?"

अन् यांनी तिच्या आकड्यांवर रेघ मारली. मला हेच तर पाहिजे होतं. हातात चहाचे कप घेऊन मी ती रेघ पाहत उभी.

जाऊ माझ्याकडे वळली. "ताई, तुमी तरी सांगा नं. पापणी लवली त ताट वाजवायचं नाही, हे तुमीच शिकवलं. मी नाही लवू देली."

तिचे डोळे भरले होते. मी कप खाली ठेवले.

"तिची रेघ खोडा," मी म्हटलं. "माह्या आकड्यावर मारा. मी ताट खोटंच वाजवलं."

हे लाल डोळ्यांनी पाहतच राहिले. "कायले?"

"तिले दिसन अन् मले नाही, म्हणून."

जाऊ डोळे पुसता पुसता म्हणाली, "अवो बाई! एवढंच होतं त मोठी दुर्बीण माह्या माहेराले पाठवायचीच नाही नं!"

दीर हसले. हे नाही हसले. नवं कार्ड काढून माझ्यापुढे सरकवलं. "लिही. मंगरूळपीर, तारा विझला नाही."

"हे पण लिहा लागते?"

"लागते त! सावली कुठवर आली, ते तुह्या 'नाही'नंच समजते. अन् तूच ते पुसून टाकत होती."

कार्डावर आधी तिचे सहा सेकंद लिहिले, त्याखाली माझं 'नाही', अन् पेटीत कार्डही मीच टाकून आले.

त्यानंतर कितीदा तरी बसले. कधी ढग आले, कधी पट्टाच सरकला. माझ्यासमोर तारा एकदाही विझला नाही. जाऊ आता माझ्यासारखीच म्हातारी झाली. पाहुण्यांत बसून ती "फू केल्यासारखा" म्हणायला लागली, की मी अजूनही उठते अन् चहा ठेवायला जाते.