पंगतीच्या डाळीतली लाखोळी

तुरीची डाळ घ्यायची तर पोत्यात कोपरापर्यंत हात घालावा, तळातली मूठ काढावी आणि उजेडात पसरावी, हे आमच्या बालाघाटात पाळण्यातलं पोरही जाणतं. कारण इकडे धानाच्या बांधीत धान उभं असतानाच लाखोळीचं बी फेकतात. ती फुकटात उगवते आणि व्यापारी तिची डाळ पोत्याच्या तळाला तुरीत बेमालूम मिसळतात. रोज पोटात गेली तर पाय लुळे पडतात.

मलाही हे ठाऊक होतं. पण बहिणीच्या लग्नाची डाळ आणायला वारासिवनीला गेलो, तेव्हा माझ्या अंगात पूर्ण बाहीचा नवाकोरा टेरेलिनचा शर्ट होता. उभ्या जिल्ह्यात तसे दोनच. दुसरा कलेक्टरसाहेबांचा, आणि त्याची इस्त्री काही माझ्याएवढी कडक नव्हती. असा हात पोत्यात कोण घालणार? वरचीच चिमूट घेतली, जाणत्यासारखी दाताखाली फोडली आणि पोतं बसच्या टपावर चढवलं.

घरी आत्याबाई होती. बंद पोत्यावर थाप मारून डाळ कोणत्या गावची ते सांगायची. गाव चुकलंच, तर गावानं आपली जागा बदलावी अशी तिची जरब. तिनं तळातली मूठ काढून सुपात पसरली. तुरीच्या गोल डाळीत कुऱ्हाडीनं तासल्यासारखे तिरपे, मळकट दाणे.

"काहून रे, बाही वर नाही सारली?" तिनं शांतपणे विचारलं.

लग्न परवावर आलेलं. नवरदेव लांजीचा, आणि त्याच्या काकांचे पाय लाखोळीनंच गेलेले. त्यांच्या ताटात एक तिरपा दाणा दिसला असता, तर बहिणीला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

आळीतल्या साऱ्या बाया सुपं घेऊन अंगणात बसल्या. मलाही बसवलं. नवरदेवाऐवजी या शर्टालेच घोड्यावर बसवा, असं एकीनं सुचवलं. बहीण तेवढी हसली नाही.

दुपारी दारात नवरदेवाची आई उभी. चोळीचं माप न्यायला आली होती. सुपं थबकली. लग्नाची डाळ आळीनं मिळून निवडायची आमच्यात रीतच आहे, देवकार्यच म्हणा, असं मी ठोकून दिलं. तिनं वाकून एक तिरपा दाणा उचलला.

"लाखोळी आहे, इहीनबाई," आत्याबाई म्हणाली. "पोट्ट्यानं पोत्यात हात नाही घातला."

विहीणबाईंनी दाणा पाहिला, मग माझ्या बाह्या पाहिल्या. पदर खोचला.

"सरका थोडं. अशा निवडून राह्यल्या तं लगन पुढच्या साली लागन."

मग जी जुगलबंदी जुंपली! दोघींची बोटं दिसेनात. आत्याबाईनं साफ ठरवलेल्या ढिगातून विहीणबाईंनी दोन दाणे काढले, तेव्हा आत्याबाईनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला आपलं सूप दिलं. दिवेलागणीपर्यंत डाळ सोन्यासारखी झाली.

लग्नाच्या पंगतीत वरणाची बादली विहीणबाईंनीच धरली. पहिल्यांदा दिराच्या ताटाशी गेल्या. "खा बिनघोर, मी सोता निवडली." काकांनी अकरा वाट्या वरण संपवलं. लांजीवाले अजून सांगतात की ते वरण त्यांच्याच घरचं होतं, आणि माझी बहीण मान डोलावते.