सीतादहीची पाच झाडं

ती घटना आठवली की आजही मला आधी कपाशीची पाच झाडं दिसतात आणि मग स्वतःची लाज वाटते. आमच्या खात्यात लाज वाटून घ्यायची पद्धत नाही, म्हणून निवृत्तीनंतर लिहितो आहे.

बोंडअळीनं कपाशी पोखरली त्या वर्षांतली गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. एक मोठा शेतकरी तक्रार घेऊन आला. आदल्या दिवशी सगळं गाव आठवडी बाजाराला गेलेलं असताना त्याच्या वावरातला कापूस कोणीतरी झाडांवरून वेचून नेला होता. पंचनाम्याला मी स्वतः गेलो. एक अख्खा तुकडा ओरबाडलेला होता. फक्त धुऱ्याजवळची, म्हणजे बांधालगतची, पाच झाडं पांढरी फुटून उभी होती आणि त्यांच्या बुडाशी दहीभाताचे वाळलेले शिंतोडे होते. वेचणीला हात घालण्याआधी आमच्याकडे वावरात सीतादहीची पूजा करतात, त्याची ती खूण. मी ते पंचनाम्यात लिहिलं आणि विसरून गेलो.

संध्याकाळी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, फेसबुक पाहा. पारध्यानं सोताच कबूल केलं."

वावराला लागून गायरानात पारध्यांचा बेडा, म्हणजे झोपड्यांची वस्ती होती. तिथल्या एका तरुणाच्या नावानं खातं होतं. दारूची बाटली, तीरकमठा आणि मोडक्यातोडक्या मराठीत मजकूर: 'आमी पारधी. चोरी आमचा धंदा. वावर साफ केला. पोलीस आमचा काय करते.' गावभर तो मजकूर फिरला. तिसऱ्या दिवशी दुपारी ग्रामसभा ठरली. विषय एकच, बेडा उठवायचा. लोकांची भाषा पाहता ठरावाची वाट न बघता झोपड्या पेटल्या असत्या.

मी त्या तरुणाला उचलून आणलं. त्याच्या मोबाईलवर वेगळंच खातं निघालं. त्यात मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमाचे फोटो, एक जुनी मोटारसायकल आणि दिवाळीच्या शुभेच्छा, त्याही शुद्ध मराठीत. माझ्या डोक्यानं काय निष्कर्ष काढावा? हे खातं लोकांना दाखवायचं आणि ते दुसरं खरं.

"दुसरा फोन कुठं लपवलास रे?"

"दुसरा फोनच नाही, साहेब. माझं खातं हेच. बारावी झालो मी. मी अशी मराठी कायले लिहीन?"

मला तो बेरकी वाटला. सायबर सेलला पत्र पाठवलं, पण त्यांच्या उत्तराला आठवडे लागणार होते. मी त्याला पुन्हा पुन्हा तेच विचारलं आणि तो पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला. खरं बोलणारा माणूस जबाब बदलत नाही, हे वीस वर्षांत शिकलो होतो. त्या दिवशी तेवढं सोयीनं विसरलो.

त्याची बायको ठाण्याच्या आवारात निंबाखाली बसून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी हवालदारानं तिला आत आणलं. ती रडली नाही, हात जोडले नाहीत.

"साहेब, त्या वावरात मी दरसाल वेचाले जाते. त्या पाच झाडाले आमाले हात लावू देत नाही. मालकीण म्हणते, तुमच्या हातानं देव बाटते. शेवटच्या वेचणीले घरचेच ते वेचतात. आता तुमीच सांगा, आमी चोर असतो त नेमकी तीच झाडं कायले सोडली असती?"

मी पंचनामा काढून वाचला. अक्षर माझंच होतं. तो नियम वेचणाऱ्या बायांना माहीत होता, पण चोरी करतानाही तो पाळणारा माणूस घरचाच असणार.

तक्रारदाराच्या धाकट्या भावाला बोलावलं. घरात फेसबुक वापरणारा तोच; शिकलेला, हातात भारी मोबाईल. त्याला मी खुर्ची दिली, चहा दिला. सहज म्हणालो, "त्या पाच झाडांचा कापूस मुद्देमाल म्हणून जप्त करायचाय. आमचा शिपाई तोडून आणेल."

त्यानं कप खाली ठेवला. "ते नका करू, साहेब. आमच्या घरात चालत नाही. शेवटच्या वेचणीपर्यंत हात लावत नाही कोणी."

"गाव बाजारात होतं, म्हणजे वेचायला मजूर बाहेरगावचे आणलेत. त्यांनाही तुम्ही हेच बजावलं होतं ना?"

मी हात पुढे केला, त्यानं मोबाईल दिला. ते खातं त्यात उघडंच होतं. बेडा उठला की गायरान आपल्या वहितीत घ्यायचं, एवढाच त्याचा हिशेब. थोरल्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"पारध्याच्या घरी कधी बसलात?"

"नाही."

"मग ही भाषा कुठून आणली?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमच्याकडूनच, साहेब. कुठंबी चोरी झाली का तुमची गाडी पहिले बेड्यावर जाते. म्हटलं, असं लिहिलं त कोणी इचारणार नाही."

तो माझ्यासमोर आल्यापासून मी त्याला 'तुम्ही' म्हणत होतो, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

तासाभरात ग्रामसभेत जाऊन मी उभा राहिलो आणि चोर कोण ते सगळ्यांसमोर सांगितलं. एकाही माणसानं बेड्याकडे वळून पाहिलं नाही. लोक खाली मान घालून उठले. झोपड्या वाचल्या.

दुसऱ्याचं नाव आणि जात पांघरायला त्या माणसाची ओळख लागत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात त्याच्याविषयी काय आहे, तेवढं माहीत असलं की पुरतं. ते खातं कुठल्याही पारध्याचं नव्हतं, माझ्या डोक्यातल्या पारध्याचं होतं. म्हणून मला ते लगेच पटलं.

सोडताना मी त्या तरुणाला मोबाईल परत दिला आणि म्हणालो, "चूक झाली. तुम्हाला त्रास झाला." त्यानं मान हलवली आणि तिथंच उभ्याउभ्या आपलं खातं काढून टाकलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"लोकाईले तेच खरं वाटते, साहेब. हे ठेवून काय करू?"

खोटं खातं पुरावा म्हणून खटला संपेपर्यंत आम्ही जपून ठेवलं. मुलीच्या शाळेचे फोटो असलेलं मात्र माझ्या टेबलासमोर पुसलं गेलं.