अर्ध्यावर सोडलेला धवला

माझी बायजाआत्या उमेळ्याची धवलारीण. आमच्यात हळदीच्या मांडवात धवलारीण गाण्यातून देवांना आणि पितरांना बोलावते. तिच्या धवल्याशिवाय हळद लागत नाही. नव्या पोरींना ती गाणी येत नाहीत, त्यामुळे गावातल्या अल्पेशच्या घरच्यांना त्याच्या धाकट्या भावाच्या, जितेशच्या लग्नात आत्यालाच बोलवावं लागलं. त्यांना वाटलं, बाई येईल, गाईल, साडी घेऊन जाईल. मेल्यांची अक्कल तेवढीच.

अल्पेशची बायको संजना ही आत्याची जिवाभावाची मैत्रीण. दोघी स्टेशनबाहेर शेजारी बसून भाजी विकायच्या. संजनाच्या दंडावरचे वळ आत्याने तिथेच पाहिले. ‘सहन कर’ म्हणाली नाही, की ‘आत्ताच निघ’ असा धोशाही लावला नाही. “तू सांगशील तवा येईन,” एवढंच म्हणाली. एकदा संजनाच्या सांगण्यावरून पोलीसही आणले. अल्पेशने हात जोडले, त्याची आई म्हणाली, न्हाणीत पडली. आणि रोज तिच्या किंकाळ्या ऐकणारे शेजारी म्हणाले, आम्ही काही पाहिलं नाही. त्यानंतर संजनाचा फोन काढून घेतला, भाजी विकणं बंद झालं.

हळदीच्या आदल्या दिवशी आत्या त्या घरी हळद दळायला गेली. मागच्या खिडकीत संजना दिसली. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला.

“उद्या मना कोंडून ठेवनार हायेत,” ती म्हणाली. “बायजा, सगल्या गावादेखत मना भायेर काढ.”

घरी आल्यावर आत्याने हळदीचे हात खसाखसा धुतले. “त्या मेल्याचा हात मुळापासून उपटावा वाटतो गं,” ती मला म्हणाली. “पन पयली ती भायेर.” मी रिक्षा घेऊन मांडवाबाहेर उभं राहायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडव भरला. जितेश पाटावर बसला. आत्याने धवला सुरू केला, देव झाले, पितर झाले. हळद लावायची वेळ आली आणि ती थांबली.

“पयली हलद थोरल्या वयनीची. कुठंय ती?”

“तिला ताप आलाय,” अल्पेशची आई म्हणाली. “तू पुढं गा.”

“वयनीबिगर माझा धवला पुढं जायाचा नाय.”

कुजबुज सुरू झाली. नवरीकडची माणसं नवरदेवाची उष्टी हळद न्यायला येऊन बसली होती, ती एकमेकांकडे बघू लागली. आत्या तोंड मिटून बसून राहिली. शेवटी इज्जतीपायी अल्पेशच्या आईनेच खोलीची कडी काढली.

संजना डोक्यावरून पदर ओढून आली. पाटासमोर उभी राहिली आणि तिने स्वतःच्या हाताने पदर मागे सारला.

फाटलेला ओठ आणि मिटलेला डोळा सगळ्या मांडवाने पाहिला. खरं सांगते, त्या सगळ्यांचे उतरलेले चेहरे बघून बाहेर उभ्या माझं काळीज निवलं. अल्पेश धावत आला, त्याचा हात वर गेला.

“मार ना,” आत्या उठून उभी राहिली. “मार! आज ‘आमी काय पायला नाय’ असा कोन बोलनार नाय.”

त्याचा हात खाली आला. आत्याने संजनाला धरून रिक्षापर्यंत आणलं. मागून अल्पेशची आई रडत आली, “हलद अर्धी ऱ्हायली गं! अपशकून होईल! तेवढं गाऊन जा!”

“व्हवू दे,” आत्या म्हणाली आणि रिक्षात बसली.

आम्ही तिथून सरळ पोलीस ठाण्यात गेलो. या वेळी साक्षीला माणसं मिळाली. नवरीचा मामा तर आपणहून आला. जितेशचं लग्न मोडलं. संजना आता कुठे राहते ते मी सांगणार नाही.

जितेशचं वाईट वाटतं का, असं मी परवा आत्याला विचारलं.

“त्या पोराची खोली संजनाच्या खोलीला लागून,” ती म्हणाली. “रोज रेडिओ मोठा करायचा.”